चिमणी आणि साळुंकी : यार्कोनच्या काठावर



तू बिश्वात जवळ आला की आमच्या लोदच्या मंडळाची सहल निघते. यंदा कुठे जायचं यावर दोन बैठका झाल्या, चहा झाला, थोडी वादावादीही झाली. किन्नेरेत लांब पडतो, मसादा चढणं आता कुणाच्याच गुडघ्यांना झेपणारं नाही. शेवटी तेल अवीवचं यार्कोन पार्क ठरलं. सपाट रस्ते, सावलीला निलगिरीची झाडं, दर थोड्या अंतरावर बाक आणि जवळपास स्वच्छतागृह. आमच्या वयात सहलीची जागा निवडताना देखाव्याच्या आधी या गोष्टी बघाव्या लागतात. नातवंडांनाही बरोबर घ्यायचं ठरलं, म्हणजे पिशव्या उचलायला हात मिळतात.

यार्कोन ही काही मोठी नदी नव्हे. रोश हाआयिनच्या झऱ्यांपाशी उगम, आणि सारी मिळून सुमारे साडेसत्तावीस किलोमीटर वाहून तेल अवीवला समुद्राला मिळते. आमच्या कोकणात एवढ्या पाण्याला खाडीच्या तोंडाशी कुणी विचारणार नाही! पण या देशात बारमाही वाहणारं पाणी म्हणजे अपूर्वाई. जुन्या मंडळींना १९९७ सालची मक्काबियाची घटना आठवत असेल. याच नदीवरचा पादचारी पूल कोसळला आणि ऑस्ट्रेलियाच्या पथकातले चौघे दगावले. एक जण पडून गेला, पण तिघे नंतर, नदीच्या घाण पाण्याने झालेल्या संसर्गामुळे गेले. आम्ही तेव्हा नोकरीत होतो. वॉर्डात कित्येक दिवस दुसरा विषय नव्हता. त्यानंतर नदीच्या सफाईकडे लक्ष गेलं. आज काठावर बगळे, पाणकावळे उभे दिसतात.

हेच १९९७ साल आजच्या आमच्या गोष्टीतही येतं, पण वेगळ्या कारणाने.

पार्कात ‘शेवा तहानोत’ म्हणजे सात गिरण्या नावाची जागा आहे. पूर्वी नदीच्या पाण्यावर तिथे धान्य दळलं जाई. तिथेच जवळ चादरी अंथरून आम्ही मलिदा काढला. पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर केळी, खजूर, सफरचंदाच्या फोडी. बराखा झाली, ताटं फिरली, आणि मुलांच्या हातून नेहमीप्रमाणे अर्धे पोहे गवतावर सांडले. दोन मिनिटं गेली नसतील, तोच दहा-बारा पाखरं तुरुतुरु चालत आली. तपकिरी अंग, काळं डोकं, पिवळी चोच, डोळ्याच्या मागे पिवळी कातडी, जणू कुणी हळद लावली आहे. उडाली की पंखावर पांढरा पट्टा चमके.

“अगं बाई, साळुंकी!” असं आमच्यातल्या तिघी-चौघी एकदमच ओरडलो.

शेजारच्या बाकावर एक तरुण मुलगी दुर्बीण आणि वही घेऊन बसली होती. जानेवारीच्या अखेरीस सबंध इस्रायलात बागेतल्या पक्ष्यांची गणती होते. शाळकरी मुलं, म्हातारी माणसं, कुणीही आपल्या अंगणातले पक्षी मोजून कळवायचे असतात. ती त्याच कामाला आली होती. मुलांनी तिला विचारलं, हा पक्षी कोणता? ती म्हणाली, “मायना होदीत.” म्हणजे हिंदी मैना. आणि लगेच पुढे म्हणाली, “मीन पोलेश.” म्हणजे घुसखोर जात.

आमचा नऊ वर्षांचा नातू आमच्याकडे वळून म्हणाला, “सावता, होदीत म्हणजे आपल्यासारखी? मग ती घुसखोर कशी?”

मंडळातल्या एका काकांना हे फार लागलं. या देशात पन्नास-साठ वर्षं राबलो, मुलं सैन्यात गेली, आणि अजून ‘होदी’ म्हटलं की पुढे काही तरी शेपूट चिकटतंच, असं ते म्हणाले. दुसऱ्या एक बाई हसून म्हणाल्या, “अहो काका, ती पाखराबद्दल बोलते आहे, तुमच्याबद्दल नाही.” काका काही हसले नाहीत. त्या मुलीचं मराठी शून्य, पण चेहरे तिला वाचता आले. ती उठून जवळ आली, मलिद्याचं ताट घेतलं, आणि मग तासभर आमच्यात बसून बोलली. तिने सांगितलेलं, आणि नंतर घरी नातवंडांच्या मदतीने आम्ही वाचून पडताळलेलं, असं सगळं मिळून इथे देतो आहोत.

गोष्ट दोन पाखरांची आहे. एक साळुंकी, दुसरी आपली चिमणी. दोन्ही गाणाऱ्या पक्ष्यांच्या कुळातल्या. नातवाने लगेच हरकत घेतली की चिमणी कुठे गाते, ती तर नुसतं चिव चिव करते. पण गाणारा पक्षी म्हणजे गळा गोड असलेला पक्षी नव्हे. ज्यांच्या श्वासनलिकेच्या टोकाशी आवाजाचं विशेष यंत्र असतं त्या मोठ्या कुळाला शास्त्रज्ञ हे नाव देतात, आणि मुलांनो, त्यात कावळासुद्धा येतो! म्हणजे चिऊ-काऊच्या गोष्टीतले दोघेही गवई. साळुंकी मात्र खरीच नकलाकार. शिट्टी, किरकिर, टकटक, दुसऱ्या पाखरांची बोली, सगळं एकाच बैठकीत. आमच्या लहानपणी पेणजवळच्या घरामागे नांगर चालला की मागून साळुंक्यांची रांग चाले, उकरलेल्या मातीतले किडे टिपत. बैलांच्या पाठीवरही बसत. तिला कुणी पाळलं नाही, कुणी हाकललंही नाही.

चिमणी तर घरातलीच. आजोबांच्या तसबिरीमागे तिचं घरटं, आणि तसबीर पुसायची म्हटलं तरी आजी विचारी, पिल्लं आहेत का बघ आधी. तांदूळ पाखडायला सूप घेतलं की कण्या टिपायला चिमण्या हजर. इस्रायलात आलो तेव्हा भाषा नवी, माणसं नवी, पाव सुद्धा नवा. पण पहिल्याच सकाळी खिडकीत चिमणी होती, तीच, करड्या टोपीचा आणि काळ्या गळ्याचा चिमणा आणि साधी तपकिरी चिमणी. आमच्या सासूबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, हिला कुणी बोटीतून आणलं? सासूबाईंचा प्रश्न बरोबर होता, पण उलट्या बाजूने. चिमणी इथून तिकडे गेली असावी असं शास्त्रज्ञ मानतात. बेथलेहेमजवळच्या उम्म कताफा नावाच्या गुहेत काही लाख वर्षांपूर्वीच्या चिमण्यांची हाडं सापडली आहेत. याच भागात माणूस शेती करू लागला, कोठारं बांधू लागला, आणि चिमणी त्याच्या छपराखाली राहायला आली. मग गहू-जव जिथे गेले तिथे तीही गेली. तेव्हा इथली खरी साब्रा ती!

हिब्रूत तिला ‘द्रोर’ म्हणतात. द्रोरचा दुसरा अर्थ स्वातंत्र्य. शब्बाथच्या जेवणानंतर आपण ‘द्रोर यिक्रा’ म्हणतो त्यातला द्रोर हाच शब्द. जुन्या पंडितांनी या नावाच्या पाखराचा स्वभाव असा सांगितला आहे की ते कुणाची हुकमत मानत नाही, घरातही शेतात राहावं तसं मोकळं राहतं. तसबिरीमागे बिनभाड्याचं बिऱ्हाड करणाऱ्या चिमणीला हे वर्णन किती शोभतं!

आता साळुंकी. तिचं माहेर म्हणजे आपला हिंदुस्थान आणि आजूबाजूचे देश, अफगाणिस्तानकडून थेट ब्रह्मदेशाच्या बाजूपर्यंत. बाहेर मात्र ती बहुतेक ठिकाणी स्वतःहून गेली नाही, माणसानेच नेली. मॉरिशसमध्ये टोळांनी ऊस फस्त करायला सुरुवात केली तेव्हा फ्रेंचांनी १७६२ साली हिंदुस्थानातून साळुंक्या आणवल्या. म्हणजे मॉरिशसला आपली मराठी माणसं पोहोचण्याच्या किती तरी आधी साळुंकी पोहोचली होती. १८६२ साली ऑस्ट्रेलियात मेलबर्नला भाजीच्या मळ्यांतल्या किड्यांसाठी तिला नेलं. हवाई बेटांवरही त्याच सुमारास. दरबानला म्हणे पिंजऱ्यातून सुटली. सगळीकडे आधी कौतुक झालं आणि मग डोक्याला हात लावायची वेळ आली. कारण किडे तिने खाल्ले, पण द्राक्षं, अंजिरंही खाल्ली, आणि दुसऱ्या पाखरांची घरटी बळकावली. सन २००० मध्ये जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परक्या जातींची एक यादी तयार झाली. त्यात पक्षी फक्त तीन. एक युरोपची मैना, दुसरी आपली साळुंकी, आणि तिसरा आपलाच लालबुड्या बुलबुल. काकांना हे सांगितलं तेव्हा ते कपाळावर हात मारून म्हणाले, “तिघांत दोन आपलेच!”

इस्रायलात साळुंकी मोकळी फिरताना पहिल्यांदा दिसली ती १९९७ साली, आणि ती याच यार्कोन पार्कात. पिंजऱ्यातून सुटलेल्या किंवा कुणी सोडून दिलेल्या काही पाखरांपासून सुरुवात झाली. आज तीस वर्षंही पुरी झाली नाहीत, तरी उत्तरेपासून नेगेवच्या गावांपर्यंत ती आहे. आमच्या लोदमध्ये आहे, रामलेत आहे, अश्दोदच्या नातेवाइकांकडे फोन केला की मागे तिचाच आवाज येतो.

तिचं इतकं कशामुळे साधलं? एक तर ती काहीही खाते. किडे, फळं, मांजरांच्या वाटीतलं खाणं, कचऱ्यातला पाव, आमचा मलिदासुद्धा. दुसरं, अंगाने ती चिमणीच्या तिपटीहून जड. तिसरं आणि महत्त्वाचं म्हणजे भोक. चिमणी आणि साळुंकी दोघींनाही घरट्याला भोक लागतं. झाडाची ढोली, भिंतीतली फट, खजुराच्या खोडातली पोकळी, एअरकंडिशनच्या नळीसाठी पाडलेलं छिद्र, शटरची पेटी, रस्त्यावरच्या दिव्याचा पोकळ दांडा. भोकं मोजकी, गिऱ्हाइकं पुष्कळ. साळुंकीचं जोडपं बहुधा कायमचं बांधलेलं असतं आणि आपल्या ढोलीच्या आसपास दुसऱ्या कुणाला फिरकू देत नाही. पसंत पडलेल्या भोकात आधीच कुणी असेल तर त्याची अंडी-पिल्लं बाहेर काढून टाकायलाही मागेपुढे बघत नाही. इथला रामगंगा, सुतार, हुदहुद यांनाही हा त्रास आहे. हुदहुद तर २००८ साली इस्रायलचा राष्ट्रीय पक्षी निवडला गेला, पण ढोलीपाशी मानाचा मुजरा कोण करतो!

मग साळुंकी कोकणात असं का करत नव्हती? करत असेलही, पण तिथे तिच्या तोडीस तोड शेजारी होते. पोपट, तांबट, पिंगळा, शिक्रा, झाडावर चढणारे साप. हजारो वर्षांत सगळ्यांनी एकमेकांचे डाव ओळखले, आपापली वाटणी झाली. इथली पाखरं मात्र तिच्याशी कधी खेळलीच नव्हती. आम्ही काकांना आमच्या धंद्यातलं उदाहरण दिलं. माणसाच्या कातडीवर काही जंतू सदैव असतात, त्यांचा काडीचा उपद्रव नसतो. तेच जंतू सलाइनच्या सुईवाटे रक्तात शिरले की माणूस थंडी-तापाने फणफणतो. जंतू तोच, त्याने काही पाप केलं नाही, फक्त जागा बदलली. म्हणून आम्ही नर्सबाया सुई टोचण्याआधी कातडी पुसतो. जंतूवर राग धरून नव्हे.

काका म्हणाले, “जंतूचं उदाहरण तर आणखीच वाईट दिलंत.”

ते खरंच. पण एक गोष्ट आम्ही तिथे स्पष्ट सांगितली आणि इथेही लिहितो. साळुंकीची आणि आपली तुलना आम्हाला मान्य नाही, मग ती कुणी कौतुकाने करो की टोमण्याने. आपण इथे कुणाची ढोली हिसकावून घेण्यासाठी आलो नाही, आणि माणसाला माणूस समजावून सांगू शकतो, हिशेब मागू शकतो, बदलू शकतो. पाखराला हे काही नाही. ‘होदीत’ हे नाव तिला मिळालं कारण ती कुठून आली ते सांगायचं होतं. बस. मुलांना वर्गात कुणी यावरून चिडवलं तर मुलांनी हेच उत्तर द्यावं आणि वर चिमणीची गोष्ट सांगावी.

कारण चिमणीची गोष्ट ऐकली की घुसखोर आणि घरचा हा शिक्का किती जागेवर अवलंबून असतो ते कळतं. स्वित्झर्लंडला मुख्य कचेरी असलेला आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघ जगातल्या प्राण्यापक्ष्यांची ‘लाल यादी’ ठेवतो. कोण बरा, कोण आजारी, कोण अत्यवस्थ, कोण गेला. एका परीने सगळ्या सृष्टीचा केस पेपरच. त्यात साळुंकीचा शेरा ‘फारशी चिंता नाही’, आणि चिमणीचाही शेरा तोच, ‘फारशी चिंता नाही’. वरून पाहिलं तर दोघी सारख्याच ठणठणीत. पण शेऱ्याखाली आणखी एक ओळ असते, संख्येचा कल कुठे आहे ती. साळुंकीपुढे लिहिलं आहे वाढता, चिमणीपुढे घटता. ज्यांनी रात्रपाळ्या केल्या आहेत त्यांना हे लगेच समजेल. नाडी या घडीला किती, यापेक्षा काल रात्रीपासून ती कुठे चालली आहे ते आधी बघायचं असतं.

शिवाय सबंध जगाचा शेरा एक आणि एकेका देशाचा वेगळा. विलायतेत, जिथे चिमणी म्हणजे रस्त्यावरची पोरं समजत, तिथे गेल्या अर्धशतकात ती निम्म्याहून जास्त घटली आणि २००२ साली तिकडच्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत गेली. भारतात दिल्लीने २०१२ साली तिला राज्यपक्षी केलं. नाशिकच्या एका संस्थेच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्चला जागतिक चिमणी दिवस पाळला जातो. भारतभरच्या पक्षीनोंदींवरून २०२० साली जो अहवाल निघाला त्यात एकंदर देशात चिमणी टिकून असल्याचं दिसलं, पण मुंबई, दिल्ली, बंगळूर अशा मोठ्या शहरांत ती घटलेली. मध्यंतरी मोबाईलच्या टॉवरवर खापर फोडायची फॅशन आली होती. त्याला पुरावा सापडला नाही. खरं कारण जास्त साधं आहे. काचेच्या इमारतींना फट नाही, अंगणाला फरशी, पाखडणं-निवडणं संपलं, वाण्याकडची उघडी पोती गेली, आणि फवारण्यांनी किडे गेले. चिमणी दाणे खाते हे सर्वांना ठाऊक, पण तिची पिल्लं पहिले काही दिवस किड्यांवर वाढतात. बाळाला दूध न देता पोळी भरवली तर कसं होईल, तसं.

आणि अमेरिका! तिथे चिमणी मुळात नव्हतीच. १८५० च्या सुमारास इंग्लंडहून आणून न्यू यॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये सोडली, झाडांवरच्या अळ्या खाईल म्हणून. ती देशभर पसरली आणि तिथल्या निळ्या पाखरांची घरटी बळकावू लागली. आज तिकडचे पक्षिप्रेमी लोक पेटीतून चिमणीचं घरटं उचलून फेकतात, आणि कायदाही त्यांना आडवा येत नाही. म्हणजे इथली साब्रा तिथे पोलेश. नातवाला हे फार आवडलं. तो म्हणाला, मग चिमणी तिकडे साळुंकीच आहे.

या पार्कात त्या सकाळी साळुंक्या मोजता मोजता मुलं थकली. चिमण्या एका हाताच्या बोटांवर मावल्या, आणि त्याही गिरण्यांच्या जुन्या दगडी भिंतीपाशी, जिथे फटी अजून आहेत. एका सकाळीवरून काही ठरत नाही हे खरं. पण हैफाच्या टेक्निऑनमधल्या संशोधकांनी याच वार्षिक गणतीचे पंधरा वर्षांचे आकडे घेऊन २०२० साली जे छापलं त्यातही साळुंकी आणि दोन जातींचे परदेशी पोपट वाढताना दिसले, आणि चिमणीसारखे इथले नेहमीचे पक्षी घटताना. सगळा दोष साळुंकीचाच असं त्यावरून म्हणता येत नाही, शहरंही बदललीच आहेत. आपल्या गणतीच्या चिठ्ठ्या मात्र अशा कामाला येतात, म्हणून हे लिहिलं.

मुलांचा पुढचा प्रश्न सरळ होता. मग साळुंक्यांना मारायचं का?

काही ठिकाणी पकडतात. ऑस्ट्रेलियात सापळे लावणारे नागरिकांचे गट आहेत. सेशेल्समधल्या फ्रेगेट आणि डेनिस अशा लहान बेटांवरून ती पूर्ण काढून टाकली आहे, कारण तिथल्या दुर्मिळ पाखरांना जगात दुसरं घरच नव्हतं. बेट लहान असेल तर हे जमतं. इस्रायलात ती वेळ गेली. आणि माणसाने पाखरांवर मोहीम काढली की काय होतं हे चीनने १९५८ साली दाखवलं. धान्य खाते म्हणून आपल्या चिमणीच्या सख्ख्या बहिणीवर, झाडचिमणीवर, सरकारने मोहीम काढली. ताटल्या बडवून तिला बसू दिलं नाही, घरटी मोडली. पाखरं गेली आणि किडे मोकाट सुटले. १९६० साली चिमणीचं नाव त्या यादीतून काढून तिथे ढेकणांचं घालावं लागलं.

आमच्या मनात हा प्रश्न घोळत होता त्याचं आणखी एक कारण होतं. आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर रेवदंड्याकडच्या एक मावशी राहतात. नव्वदीला टेकल्या आहेत, एकट्या आहेत, मुलगा कॅनडात. त्यांच्या खिडकीत साळुंक्या येतात. मावशी रोज चपातीचा चुरा ठेवतात आणि त्यांच्याशी मराठीत बोलतात. “आलीस का ग, आज उशीर केलास,” असं. दिवसभरात त्यांच्या तोंडून निघणारं मराठी बहुतेक तेवढंच. त्या जोडीने मावशींच्याच शटरच्या पेटीत घरटं केलं. वाआद बायितने, म्हणजे इमारतीच्या कमिटीने चिठ्ठी लावली की घाण होते, आवाज होतो, परक्या जातीचा पक्षी आहे, माणूस बोलावून घरटं काढणार. मावशी चिठ्ठी घेऊन आमच्याकडे आल्या. डोळ्यांत पाणी होतं, आणि थोडा रागही. म्हणाल्या, “पोरी, हिला तरी राहू देत.” सत्तरी उलटली तरी त्यांना आम्ही पोरीच.

आम्ही कमिटीशी बोललो, मावशींशीही बोललो. दोन्हीकडे थोडं कडू औषध द्यावं लागलं. कमिटीला सांगितलं की आत पिल्लं आहेत तोवर हात लावू नका. साळुंकीची पिल्लं अंड्यातून निघाल्यावर साधारण तीन आठवड्यांत उडतात, तेवढं थांबा. मावशींना सांगितलं की पिल्लं उडाली की पेटीची फट जाळीने बुजवायची, आणि चपातीचा चुरा बंद. हे त्यांना जड गेलं. दोन दिवस त्या आमच्याशी बोलल्या नाहीत. मग चुऱ्याऐवजी बारीक बाजरी ठेवायचं कबूल केलं, तीही मोठ्या पाखराला आत शिरता येणार नाही अशा जाळीच्या खोक्यात. पिल्लं उडाली, फट बुजवली. साळुंक्या समोरच्या खजुरावर गेल्या आणि तिथून ओरडतात. मावशी त्यांच्याशी अजून बोलतातच, फक्त आता जरा मोठ्याने.

चिमण्यांसाठी आम्ही नातवाकडून लाकडी पेट्या करून घेतल्या, तीन. ज्यांना करायच्या असतील त्यांच्यासाठी मापं देतो, कारण यात भोकालाच सगळं महत्त्व आहे. भोक गोल आणि ३२ मिलिमीटरचं. तेवढ्यातून चिमणी सहज जाते, साळुंकीचे खांदे अडकतात. यार्कोन पार्कातही संशोधकांनी पेट्या लावून कोण कुठल्या भोकाने आत जातं ते पाहिलं आहे. भोकाखाली बसायला काडी लावू नये, चिमणीला ती लागत नाही आणि दांडगटांची सोय होते. पेटी जमिनीपासून निदान दोन माणसं उंच, दुपारचं ऊन लागणार नाही अशा बाजूला. इथल्या उन्हाळ्यात लोखंडी पेटी म्हणजे भट्टी, म्हणून लाकूडच. दोन-तीन पेट्या जवळजवळ लावल्या तर बरं, चिमण्यांना शेजार आवडतो. एका हंगामात त्या दोन-तीन वेळा पिल्लं काढतात, तेव्हा पेटी साफ करायची ती हिवाळा लागताना, मध्येच नाही.

मांजरांना खायला घालणाऱ्या भगिनींना एक विनंती. वाटी दिवसभर भरून ठेवू नका, मांजर जेवलं की उचला. उरलेलं साळुंकीच खाते.

आमच्या तीन पेट्यांपैकी दोन अजून रिकाम्या आहेत. तिसरीत परवा एक चिमणा डोकावून गेला, चोचीत गवताची काडी होती, पण काडी घेऊन परत गेला. मावशी म्हणतात घर दाखवायला बायकोला आणायला गेला असेल.

पुढची गणती जानेवारीअखेर, तू बिश्वातच्या आगेमागे. मंडळाच्या खोलीत त्या आठवड्यात वही ठेवलेली असेल. आपापल्या गच्चीत दहा मिनिटं बसा, कोणतं पाखरू किती दिसलं ते लिहा, आणि नावं मराठीत लिहिली तरी चालतील. नातवंडं हिब्रूत करून पाठवतील.